टायरची चहाडी

माणसाने घाबरावं, त्यात काही पाप नाही. पण निदान गुपचूप घाबरता यावं. मला तेवढीही सोय नव्हती. ट्रॅकवर पाच फेऱ्या मारून गाडी परत आली की माझे वडील चारही टायरांना सुई टोचत आणि मी कुठल्या वळणावर घाबरलो ते चारचौघांत सांगत.

चेष्टा नाही करत. वळणावर गाडी जोरात टाकली की टायर रस्त्याशी झगडतो आणि तापतो. झगडलाच नाही तर तापत नाही. बाबांकडे सुईचं थर्मामीटर होतं. ते रबरात तीन जागी खुपसायचं: आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. मग हवेचं गेज लावायचं, कारण टायर तापला की आतली हवाही फुगते. एवढं झालं की बाबांना सिनेमा पाहिल्यासारखा सगळा ट्रॅक दिसे. "क्षितिज, लांबच्या डाव्या वळणाला आधीच पाय उचललास ना? उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड बघ, साठ अंशसुद्धा नाही." शाळेत प्रगतिपुस्तक वर्षातून चार वेळा यायचं. इथे दर पाच फेऱ्यांनी.

आमचे आजोबा, सुभानराव, बडोदे संस्थानाच्या मोटारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. संस्थान गेलं, मोटारी गेल्या, पण मोटारखाना आमच्या घरातून गेला नाही. बाबा, म्हणजे पद्माकर, आयुष्यभर महसूल खात्यात फायली हलवत बसले आणि सुट्टीच्या दिवशी फियाट घेऊन मोटार क्लबच्या शर्यतींत पळाले. पंच्याण्णव साली मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांवर हात टाकला. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली. मी तेव्हा नुकताच मकरपुऱ्यात एका कारखान्यात चिकटलो होतो. घरात नवी कोरी एस्टीम आली होती, आणि आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, "मग पोरगा चालवेल." मला विचारलं कुणीच नाही. मीही तेव्हा खूश होतो, उगाच खोटं कशाला बोलू? चोवीस वर्षांचा होतो.

बडोद्याबाहेर, सावली गावाच्या बाजूला, एक जुनी खासगी धावपट्टी आहे. वर्षातून तीन-चार रविवार क्लबवाले तिथे जुने टायर आणि प्लॅस्टिकचे शंकू मांडून ट्रॅक करतात. दोन हजार तीन साली तिथल्या त्याच लांबच्या डाव्या वळणावर माझी गाडी सुटली आणि गोल फिरत एरंडाच्या शेतात गेली. गाडीला खरचटलं नाही. मी हसत हसत बाहेर आलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. रात्री जेवताना हात इतका थरथरायला लागला की आमटीची वाटी खाली ठेवावी लागली. ते फक्त मालविकाने, माझ्या बायकोने पाहिलं. तेव्हापासून क्लबचा रविवार जवळ आला की माझी झोप उडायची. हेल्मेट घातलं की श्वास पुरत नसे. मी ट्रॅकवर जायचो आणि वळण आलं की माझा पाय माझं ऐकत नसे, आपोआप उचलला जायचा.

मग सांगून का टाकलं नाही? मालविकासुद्धा हेच विचारायची. ती कारेलीबागेत घरीच गणिताचे क्लास घेते, तिला प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एवढी जागा का लागते ते समजत नाही. पण तिने बाबांना रविवारी सकाळी पाहिलं होतं. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, खिशात गेज, आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसलेले. आता उजवा डोळा पूर्ण गेला होता आणि डाव्याला फक्त उजेड-अंधार कळत होता. वर्तमानपत्र गेलं, टीव्ही गेला, पत्ते गेले. राहिले ते चार टायर. त्या माणसाला 'मला नको' म्हणायला मी तोंड उघडायचो आणि 'निघू या?' म्हणायचो.

बाबांना आकडे दिसेनासे झाले तेव्हा, खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला होता. वाटलं, सुटलो, आता टायर चहाडी करणार नाही. झालं भलतंच. आकडे वाचायचं काम मालविकाकडे आलं. पहिल्याच वेळी तिने थर्मामीटर पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बेचाळीसचे बासष्ट केले. बाबा खुलले. "आता कसा चालवतोय बघ!" त्या खुललेल्या चेहऱ्याने आम्हा दोघांना जे अडकवलं ते अडकवलंच.

कारण खोटा आकडा नुसता आकडा राहत नाही. सत्तावीस पौंड हवा भरलेला टायर जोरात पळवला की चौतीसवर जातो. तो बत्तीसच्या पुढे गेला की घसरायला लागतो, म्हणून तापल्यावर थोडी हवा सोडायची आणि पुढच्या वेळी सुरुवातच कमी हवेने करायची, ही बाबांची पद्धत. माझा टायर जेमतेम एकोणतीसवर यायचा. मालविका म्हणायची, "चौतीस, बाबा." बाबा म्हणायचे, "दोन पौंड सोड." आणि मला खरोखर सोडावी लागायची, कारण ते शेजारी उकिडवे बसून कान देत. व्हॉल्व्हमधून हवा किती वेळ फुसफुसली यावरून त्यांना पौंड कळत. "अजून. अजून. बस." पुढच्या खेपेला पेट्रोल पंपावर हवा भरतानाही ते हजर, आणि पंपावरचा माणूस आकडा मोठ्याने सांगणार. मागाहून गुपचूप भरावी तर गाडी रात्रभर त्यांच्या खिडकीखाली आणि सकाळी ते गाडीत.

वर्षभरात आमच्या एस्टीमचे टायर इतके मऊ झाले की वळणावर गाडी सैल नवारीच्या खाटेसारखी झुलायची. गाडी झुलते म्हणून मी आणखी भ्यायचो, भ्यायलो म्हणून आणखी हळू जायचो. हळू गेलो म्हणून मालविकाला आकडे आणखी वाढवावे लागायचे, आणि ते ऐकून बाबा आणखी हवा सोडायला लावायचे. यातून बाहेर कसं पडायचं ते गणिताच्या बाईंनाही सुचेना. "एके दिवशी टायर रिंगमधून निघेल," ती मला म्हणाली, "आणि तो मी काढलेला असेल. या नवमीला सांग, नाहीतर मी सांगते."

नवमी म्हणजे खंडेनवमी. दोन हजार सहा साली ती नेमकी रविवारी आली आणि नेमका त्याच रविवारी क्लबचा कार्यक्रम. मला तर देवच पावला असं वाटलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि हत्यार एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आजोबांच्या मोटारखान्यातही त्या दिवशी पाना उचलला जात नसे म्हणे. आईने, अहल्याबाईंनी, पहाटेच पाटावर लाल कापड घातलं. त्यावर आजोबांची म्यानात गंजून बसलेली तलवार, त्यांचे पाने, माझा कारखान्यातला मापाचा व्हर्नियर, मालविकाचा मोठा कंपास, आणि शेवटी बाबांनी स्वतःच्या हाताने ठेवलेलं गेज आणि सुईचं थर्मामीटर. हळदीकुंकू झालं, झेंडूची फुलं वाहिली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो.

"बाबा," मी शक्य तितक्या दुःखी आवाजात म्हणालो, "गेज पूजेत आहे. आज काही जाता येणार नाही."

"का?"

"मोजणार कशाने?"

"हत्यार पूजेत आहे, हात कुठे आहेत?" त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "चालो, उशीर होतोय."

"गाडीसुद्धा हत्यारच की!"

"गाडी हे वाहन. वाहनाची पूजा उद्या, दसऱ्याला. आई, सांग तुझ्या नातवाला." ही हाक भिंतीवरच्या आजीच्या फोटोला होती. आमच्याकडे वाद संपला की बाबा तो तिकडे पाठवून देत.

धावपट्टीवर निम्मा क्लब रात्रीच्या गरब्याने पेंगुळलेला होता. ऊन मात्र टक्क जागं होतं. क्लबचे किरीटभाई लाउडस्पीकर घेऊन फिरत होते. गेजची हकीकत कळल्यावर स्वतःचं गेज पुढे करत ते म्हणाले, "काका, मारुं लई लो ने!" बाबांनी कान पकडले. "नवमीला दुसऱ्याचंही चालत नाही, भाई." मालविका माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "हाताने बघणार आहेत. आता मी काय वाचून दाखवू?" सकाळपासून मी गेज पूजेत गेल्याचा आनंद करत होतो, आणि गेजबरोबर आमचं खोटं बोलायचं साधनही पूजेत जाऊन बसलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पाच-पाच फेऱ्या दोनदा मारायच्या होत्या. मी ठरवलं, आज चालवायची. खरोखर चालवायची, टायर तापवायचे, म्हणजे निदान आजचा दिवस निभेल. पहिल्या फेरीला लांबचं डावं वळण आलं. गाडी उजवीकडे कलली, टायर खाली दुमडल्यासारखा वाटला, समोर एरंडाचं शेत डोळ्यांत आलं आणि पाय उचलला गेला. दुसऱ्या फेरीला तेच, तिसऱ्याला आणखी अलीकडे. हेल्मेटमध्ये मी स्वतःला शिव्या देत होतो, अगदी मोठ्याने, आणि काच माझ्याच वाफेने धुरकट होत होती. काचा बंद, पट्टे आवळलेले, पुढे तेच वळण, आणि वळणापलीकडे मी यायची वाट बघत उभे असलेले बाबा. मला रडू आलं. पस्तीस वर्षांचा माणूस, घरी क्लासच्या पोरांना दटावणारा, ताशी साठच्या वेगाने रडत होता.

गाडी येऊन थांबली. मी उतरायच्या आत बाबा बोनेटला हात लावत पुढच्या उजव्या टायरपाशी आले, गुडघे टेकून बसले आणि उघडा तळवा रबरावर ठेवला. आधी बाहेरची कड, मग मधला भाग, मग आतली कड. तळवा प्रत्येक ठिकाणी बराच वेळ ठेवत होते. मग हात बोनेटवरून फिरवत डाव्या टायरपाशी गेले, मग मागच्या दोन्हींपाशी. शेवटी पुन्हा पहिल्या टायरपाशी आले आणि त्याच्या पोटात अंगठा दाबून पाहिला.

"काका, केटलुं आव्युं?" किरीटभाईंनी लांबून विचारलं.

"बाहेरची कड एकाहत्तर!" बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "मध्ये अडुसष्ट!"

"वाह काका! हाथथी?"

आजूबाजूचे हसले, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. बाबाही हसले. मग ती माणसं वळली, आणि बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझं मनगट पकडून मला खाली बसवलं.

"कडा कोमट आहेत, मधला भाग गार आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हवा फार कमी असली की असं होतं. कडा नुसत्या लोळतात आणि मधला भाग रस्त्याला टेकत नाही. तू या असल्या टायरवर पळतोयस?"

"तुम्ही सांगितलीत तेवढीच हवा आहे, बाबा."

"मी आकड्यांवरून सांगितली." त्यांनी मान वर केली, मालविका होती त्याच्या जरा डावीकडे. "मालविका?"

मला वाटलं ती सारवासारव करेल. ती सरळ त्यांच्याशेजारी मातीत बसली. "आकडे मी वाढवून सांगत होते, बाबा. वर्षभर. टायर कधी पन्नासच्या वर गेलेच नाहीत."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ते उत्तर माझं होतं आणि ती ते देणार नव्हती.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. एवढंच म्हणायला तीन वर्षं लागली आणि म्हणून झाल्यावर ते किती लहान वाटलं. "त्या शेतात गेलो होतो ना, तेव्हापासून. मला नाही चालवायची गाडी, बाबा. मला नकोय हे."

बाबांचा हात टायरवरच होता. "टायर रिंगमधून निघाला असता," ते म्हणाले. "गाडी उलटली असती. आणि हवा मी सोडायला लावत होतो. कान लावून. अजून, अजून म्हणत." मालविकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग ते म्हणाले, "डॉक्टरांनी मला बंदी केली, आठवतं? मी त्या दिवशी घरी आलो आणि न्हाणीघरात जाऊन हसलो."

"हसलात?"

"वीस वर्षं फियाट पळवली. दर वेळी आदल्या रात्री झोप नाही. पण सुभानरावांचा मुलगा नाही कसा म्हणणार? ते छत्री घेऊन उभे असायचे, बरोबर वळणावर. डोळे गेले तेव्हा मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग ते म्हणाले, पोरगा चालवेल. मी गप्प बसलो. बोललो असतो तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, की मला कसं माहीत की हे वाईट आहे. पुढे वाटलं, तुला आवडतंय. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, अगदी डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं गप्प! हा माणूस वळणावर उभा राहून माझी भीती अंशांत मोजत होता, आणि ती त्याच्या ओळखीची होती! पण ते मातीत बसले होते, टोपी काढून, आणि त्या टकलावर ऊन पडलं होतं. राग करायला माणूस जरा उभा तरी हवा.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "एस्टीम, नव नंबर, लाइन पर आवी जाव! पद्माकरकाकानी गाडी!" वाट मोकळी करत माणसं बाजूला झाली. कुणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या पाच फेऱ्या. मी बाबांकडे पाहिलं. एवढं सगळं बोलून झालं होतं, आणि तरी आम्हा बापलेकांपैकी एकालाही उठून 'आम्ही पळत नाही' असं सांगता येत नव्हतं. मी हेल्मेट हातात घेतलं. खरंच घेतलं. मालविका दातओठ खात म्हणाली, "क्षितिज, ठेव ते."

बाबांची बोटं रिंगवर चाचपडत फिरली. व्हॉल्व्ह सापडला. त्यांनी त्याचं टोपण काढून खिशात टाकलं आणि अंगठ्याचं नख आतल्या पिनवर दाबलं.

हवा फुसफुसायला लागली. सवयीने मी मनात मोजायला लागलो. एक पौंड, दोन पौंड. 'बस' आलं नाही. त्यांनी कान जवळ नेला, डोळे मिटले आणि नख तसंच दाबून धरलं. हवा सुटत राहिली, रबर खाली बसत गेलं, गाडी माझ्या खांद्याशेजारी हळूहळू कलली आणि रिंग मातीला टेकली. आवाज पार बंद होईपर्यंत बाबांनी नख उचललं नाही.

किरीटभाई धावत आले. "काका, शुं थयुं?"

"टायर गयुं, भाई," बाबा म्हणाले. "आता नहीं चाले."

"स्टेपनी?"

"स्टेपनी घेर जवा माटे. ट्रॅक माटे नहीं." स्टेपनी घरी जाण्यापुरती, ट्रॅकसाठी नाही, हे ऐकून किरीटभाई परतले.

मी हेल्मेट मालविकाकडे दिलं. ते तिने असं काखेत मारलं की आता ते कुणाला मिळणार नव्हतं.

स्टेपनी लावून आम्ही घरी निघालो. वाटेत पंपावर उरलेल्या तिन्ही टायरांत मी हवा भरली आणि बाबा गाडीतच बसून राहिले, आकडा ऐकायला उतरले नाहीत. घरी आईने दारातच विचारलं, "इतक्या लवकर? काय झालं?"

"टायरने दगा दिला," बाबा म्हणाले. "आता त्या टायरांचा भरवसा नाही. पुन्हा जायला नको."

दुसऱ्या दिवशी दसरा. पूजा उचलली, आईने तलवार कपाटावर टाकली, मी व्हर्नियर घेतला. बाबांनी गेज आणि थर्मामीटर धोतराच्या सोग्याने पुसून हळदीकुंकू काढलं आणि मला म्हणाले, किरीटभाईंकडे ने. तिथे त्यांनी आपट्याच्या पानांबरोबर ते दोन्ही किरीटभाईंच्या हातावर ठेवलं. किरीटभाई नको नको म्हणत राहिले. येताना बाबांचा हात दोनदा खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, व्हॉल्व्हचं एक टोपण सोडून. मी सुटलो होतो आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी मी गाडी धुवायला खाली गेलो. बसलेला टायर अजून डिकीत होता. त्यात काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं, हवा भरली असती तर लगेच चालला असता. इतकी वर्षं माझी चहाडी करणारा टायर शेवटी माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि त्याच्याकडून ते बाबांनी वदवून घेतलं होतं.